फळं खा, फळं प्या, फळं घाला!

जीभ बाहेर काढा बघू!

जांभळं खाल्ली असतील, तर आता काही लपवता येणार नाही. ओठ जांभळे, जीभ जांभळी आणि शर्टावर दोन-चार ठिपके. घरी ओरडा बसणार, हे नक्की! पण ओरडा खाता खाता एवढं लक्षात घ्या, की त्या जांभळाने तुमची जीभ चक्क रंगवून दिली आहे. रंगाऱ्याने कापड रंगवावं, अगदी तशी!

उन्हाळ्यातली फळं असे बरेच उद्योग करतात. आपण त्यांना नुसती खातो थोडीच? आपण ती पितो. गोठवतो. आणि अंगावर घालून मिरवतोसुद्धा! खोटं वाटतंय? थांबा, आधी एक जादू करू. तिला फक्त कोकम सरबत लागतं.

कोकणात उन्हाळ्यात रातांबे, म्हणजेच कोकमाची फळं पिकतात. लिंबाएवढं, गडद लाल फळ. फोडलं की आत पांढऱ्या गरात लपेटलेल्या बिया. हा गर चोखायला आंबटगोड, एकदम झकास! पण खरी मजा सालीत. साल चांगली जाड असते, आणि अर्धं फळ रिकामं केलं की तिची छोटीशी लाल वाटीच तयार होते. या वाट्या साखरेने भरायच्या, बरणीत एकावर एक रचायच्या आणि बरणी उन्हात ठेवायची.

काही दिवसांनी बघा. बरणीत लालचुटुक पाक! पाणी कुणी घातलं? कुणीच नाही. एक थेंबसुद्धा नाही!

ते पाणी सालीच्या आतच होतं. साखरेने ते बाहेर ओढून काढलं. साखरेची ही जुनी खोड आहे. जिथे ओलावा दिसेल तिथून पाणी खेचायचं! पाण्याबरोबर सालीतला रंगही आला आणि आंबटपणाही आला. झालं अमृत कोकम. पेलाभर थंड पाण्यात दोन-तीन चमचे पाक, चिमूटभर मीठ, थोडी जिऱ्याची पूड. की सरबत तयार!

आता जादू. कपभर सरबत वेगळं काढा. हे प्यायचं नाही बरं का, हे प्रयोगाचं! त्यात स्वयंपाकघरातला खायचा सोडा चिमटी-चिमटीने टाकत जा. पहिल्या चिमटीलाच फसफस फेस येईल. फेस थांबला की पुढची चिमूट. ढवळा. आणखी एक चिमूट. बघा, लाल रंग कसा पळायला लागला! जांभळट झाला. मग निळसर. कधी कधी तर मळका हिरवासुद्धा होतो!

आता त्यातच लिंबू पिळा. पुन्हा फेस... आणि लाल रंग परत हजर!

हे काय गौडबंगाल? कोकमात एक रंगद्रव्य असतं. त्याचं नाव जरा जड आहे, अँथोसायनिन. हा पठ्ठ्या आंबट जागी लाल असतो. आंबटपणा संपला की रंग बदलतो. सोड्याने आंबटपणा मारला, म्हणून तो निळसर झाला. लिंबाने आंबटपणा परत आणला, म्हणून पुन्हा लाल. आणि फेस कसला होता? आंबट आणि सोडा भेटले की कार्बन डायऑक्साइड नावाचा वायू सुटतो. सोडा वॉटरमध्ये बुडबुडे असतात ना, तोच!

तुमची जीभ रंगवणारा कोण होता, ओळखा पाहू. हाच! जांभळातही अँथोसायनिनच असतं. कोकम नाही मिळालं तर जांभळाच्या रसावर हाच प्रयोग करून बघा. फक्त बाजारच्या बाटलीत वरून रंग घातलेला असेल तर जादू फसेल. बाटलीवरचं बारीक अक्षर आधी वाचून घ्या.

उरलेल्या रातांब्यांचं काय होतं? काहीच वाया जात नाही. साली मीठ घातलेल्या रसात भिजवायच्या, उन्हात वाळवायच्या, पुन्हा भिजवायच्या, पुन्हा वाळवायच्या. याला पुटं देणं म्हणतात. अशी बरीच पुटं दिली की काळीभोर आमसुलं होतात. बियांमधून निघतं कोकम तेल. नाव तेल, पण असतं घट्ट! थंडीत फुटलेल्या टाचांना कोकणात हेच चोळतात. म्हणजे बघा, एकच फळ. पेल्यातही, आमटीतही आणि टाचेवरही!

बरं, आता पन्ह्याकडे वळू.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्हं मिळतं. पण मला सांगा, पन्ह्यात गूळ असतो ते समजलं, मीठ कशाला घालतात? गोड गोष्टीत मीठ! बासुंदीत घालतो का आपण?

चवीसाठी तर घालतातच. पण त्याचा आणखी एक फायदा आहे. आपला घाम खारट असतो, हे तुम्हाला माहीत आहे. खेळताना ओघळून तोंडात आला असेलच! म्हणजे घामाबरोबर पाणी जातं आणि मीठही जातं. ते भरून काढायला हवं.

आणि आता खरं आश्चर्य ऐका. आपल्या आतड्याच्या आतल्या बाजूला अगदी छोटी छोटी दारं असतात. इतकी छोटी, की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाहीत. त्यांतली काही दारं भलतीच हट्टी आहेत. साखर एकटी आली, दार बंद. मीठ एकटं आलं, दार बंद! दोघं जोडीने आली, की दार उघडतं. मैदानावरच्या सीसॉवर एकट्याने बसून भागतं का? तसंच हे. आणि ही जोडी आत शिरली, की पाठोपाठ पाणीही सुर्रकन आत शिरतं.

या छोट्याशा दारांनी केवढे जीव वाचवले असतील! १९७१ साली बांगलादेशच्या युद्धातून पळून आलेले लाखो लोक पश्चिम बंगालमध्ये छावण्यांत राहत होते. बनगाव इथल्या छावणीत कॉलऱ्याची साथ आली. कॉलऱ्यात जुलाब होऊन अंगातलं पाणी भराभर निघून जातं. शिरेतून द्यायचं सलाइन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पाण्यात साखर, मीठ आणि सोडा यांचं मिश्रण कालवून ते रोग्यांना प्यायला द्यायला सुरुवात केली. मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आलं! आज औषधाच्या दुकानात ओआरएसची पुडी मिळते ना, तिच्यामागेही हीच हट्टी दारं आहेत.

पन्हं म्हणजे काही औषध नव्हे. आजारी पडलात तर मोजूनमापून बनवलेली पुडीच हवी. पण भर दुपारी खेळून आल्यावर रंगीत शीतपेयाच्या बाटलीपेक्षा पन्हं शंभरपट भारी, असं माझं स्पष्ट मत आहे!

आता गोड खाऊ. आमरस तर झालाच पाहिजे. आमरसावर तुपाची धार सोडतात, ते तुम्ही पाहिलं असेल. त्यातही विज्ञान आहे बरं का! आंब्याचा केशरी रंग कोकमाच्या रंगासारखा पाण्यात विरघळत नाही. तो विरघळतो तेला-तुपात. त्याचं नाव कॅरोटीन. आपलं शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व बनवतं, आणि सोबत थोडं तूप असलं की ते शरीराला अधिक सहज मिळतं. तेव्हा पुढच्या वेळी तूप नको म्हणून नाक मुरडू नका!

आणि पॉट आइस्क्रीम? लाकडी बादली, तिच्यात धातूचं उभं भांडं, वर फिरवायचा दांडा. भांड्यात दूध, साखर आणि आंब्याचा रस. भांड्याभोवती बर्फ. आणि बर्फावर ओंजळी ओंजळीने जाडं मीठ! दांडा फिरवायला सगळ्या भावंडांत मारामारी. पहिली दहा मिनिटं, हं! नंतर हात दुखायला लागले की सगळे गायब.

इथेही मीठ! इथे त्याचं काय काम? तर, नुसता वितळणारा बर्फ शून्य अंशावर थांबतो. दूध-साखरेचं मिश्रण गोठायला त्याहून जास्त थंडी लागते. मीठ पडलं की बर्फ शून्याच्या खालीही वितळायला लागतो. वितळायला त्याला उष्णता हवी असते. ती तो कुठून आणणार? शेजारच्या भांड्यातून! बिचाऱ्या दुधाची उष्णता बर्फ पळवतो आणि दूध गारठून गोठतं. प्रमाण बरोबर जमलं तर मीठ-बर्फाचं मिश्रण शून्याखाली २१ अंशांपर्यंत उतरू शकतं. ना वीज, ना फ्रीज!

आणखी एक गुपित सांगू? आइस्क्रीममध्ये साखर दिसते त्यापेक्षा खूप जास्त असते. कारण गारठ्यात आपली जीभ गोडी नीट ओळखतच नाही. पटत नसेल तर वाटीतलं थोडं आइस्क्रीम पूर्ण वितळू द्या आणि मग चाखा. बापरे, किती गोड! (एवढं थांबायला जमलं तर, अर्थात.)

खाऊन झालं, पिऊन झालं. आता नटू या!

आईच्या साडीचा काठ बघा. मेंदीची नक्षी बघा. रांगोळी बघा. एका बाजूला गोल आणि दुसऱ्या बाजूला वळलेलं टोक, असा आकार कुठे ना कुठे सापडेलच. ती कोयरी! छोट्या कैरीसारखी दिसते म्हणून कोयरी. हळदीकुंकवाची चांदीची डबीसुद्धा याच आकाराची असते. काश्मीरच्या शालींवरही असाच आकार विणत. त्या शाली युरोपात गेल्या आणि तिथल्या लोकांना इतक्या आवडल्या, की एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधल्या पेझली गावचे विणकर त्यांच्या नकला विणू लागले. तिकडे या नक्षीला त्या गावाचंच नाव पडलं. नक्षी इकडची, नाव तिकडचं!

दागिन्यांतही फळं आहेत. बोरमाळ पाहिली आहे का? बोरांसारखे सोन्याचे मणी ओवलेली माळ. खऱ्या बोरांची माळ एका दिवसात फस्त झाली असती!

फिलिपिन्स देशात तर अननसाचा सदरा घालतात. खरंच! म्हणजे फळाचा नव्हे, त्याच्या लांब पानांचा. पान खरवडून आतले बारीक धागे काढायचे. खरवडायला काय वापरतात? फुटक्या बशीचा तुकडा आणि नारळाची करवंटी! मग एकेक धागा गाठ मारून जोडायचा आणि मागावर विणायचा. कापड इतकं पातळ होतं, की त्यातून आरपार दिसतं. लग्नासमारंभात तिथले पुरुष असे भरतकाम केलेले सदरे घालतात. तिथल्या आकलान प्रांतातल्या या विणकामाचा २०२३ साली युनेस्कोच्या वारसा-यादीत समावेश झाला. आणि मुळात अननस तिथला नाहीच. स्पॅनिश लोकांनी तो अमेरिका खंडातून नेला!

आता राहिला रंगारी. जांभळाचा डाग धुऊन धुऊन फिका पडतो. पण डाळिंबाची साल मात्र कापडाला पक्की चिकटते. तिच्यात टॅनिन असतं. डाळिंबाच्या सालीचा पांढरा भाग चावल्यावर तोंड कसं तुरट होऊन आखडतं? ते टॅनिनमुळेच! हे टॅनिन सुताच्या धाग्याला घट्ट धरून बसतं. गुजरातमधल्या कच्छच्या अजरख कापडांवर पिवळ्या-हिरव्या छटांसाठी डाळिंबाची साल वापरतात.

टॅनिनला लोखंड भेटलं की आणखी वेगळीच गंमत होते. रंग काळपट होतो! आवळा लोखंडी विळीवर चिरला की काळा पडतो, तोच हा प्रकार.

मग करायचा का एक रुमाल? तीन-चार डाळिंबांच्या साली साठवा. एक जुना, पांढरा, सुती रुमाल घ्या. नायलॉनचा चालणार नाही. कोमट पाण्यात चमचाभर तुरटीची पूड विरघळवून रुमाल तासभर भिजत ठेवा. तुरटीमुळे रंग आणखी पक्का बसतो. साली पाण्यात अर्धा तास उकळायच्या. गॅसजवळचं काम मोठ्या माणसाकडे सोपवा. पाणी गाळून निवलं की त्यात रुमाल रात्रभर बुडवा, सकाळी पिळा आणि सावलीत वाळत घाला. रंग येईल छान पिवळा. रुमालाला आधीच घट्ट दोरे बांधलेत तर बांधलेल्या जागी पांढरी नक्षी राहील.

तेव्हा घरात सांगून ठेवा, आजपासून डाळिंबाची एकही साल कचऱ्यात जाता कामा नये!