विरघळणारा टाका कधी विरघळतो?

"डॉक्टर, टाके काढायला कधी येऊ?" सिझेरियननंतर घरी जाताना हा प्रश्न हमखास येतो. आतले टाके आपोआप विरघळतात म्हटले, की पुढचा प्रश्न, "आणि आधीच विरघळले तर?" शंका रास्त आहे. तिचे उत्तर बरेचसे दोऱ्यातल्या स्फटिकांत आहे.

हा दोरा पॉलिमरचा, म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्यांचा असतो. वितळलेला पॉलिमर थंड होताना काही साखळ्या नीट घड्या घालून स्फटिक बनतात, उरलेल्या सुताच्या गुंत्यासारख्या राहतात. शरीरातले पाणी आधी गुंत्यात शिरून साखळ्या तोडते. स्फटिक शेवटपर्यंत तग धरतात.

साखळ्या अशा घड्या घालतात, हे ब्रिस्टलच्या अँड्र्यू केलर यांनी १९५७ मध्ये पॉलिथिलीनवर दाखवले. स्फटिकाचा पापुद्रा जेमतेम १० नॅनोमीटर जाड, म्हणजे केसाच्या काही हजार पट बारीक. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात तो दिसतो, पण त्या माऱ्याने खराबही होतो. त्यामुळे तो वाढताना पाहणे कठीण होते.

१९८६ मध्ये बिनिग, क्वेट आणि गर्बर यांनी अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप आणला. यात बारीक पट्टीच्या टोकाला सुई असते. ब्रेल वाचणाऱ्या बोटासारखी ती पृष्ठभाग चाचपते, पट्टीची हालचाल लेसर टिपतो. पॉलिमरचा पातळ थर ठरावीक तापमानाला ठेवून सुई पुन्हा पुन्हा फिरवली, की स्फटिकाची वाढ चित्रामागून चित्र उलगडते. शेजारचे पापुद्रेही एकाच वेगाने वाढत नाहीत, हे असेच दिसले. तापमान बदलले की वाढीचा वेग आणि पापुद्र्याची जाडी बदलते. दोरा किती टिकावा, हे ठरवताना ही माहिती मोलाची ठरते.

आता त्या शंकेकडे. नेहमी वापरला जाणारा पॉलिग्लॅक्टिन ९१० हा दोरा साधारण ५६ ते ७० दिवसांत पूर्ण विरघळतो. तीन आठवड्यांनी त्याची निम्मी ताकद उरते, पण तोवर जखम स्वतःच बरीच सांधलेली असते.

मात्र पाणी पाकिटातही शिरू शकते. म्हणून हा दोरा ओलावा न शिरणाऱ्या फॉइलमध्ये येतो. सरकारी रुग्णालयात उरलेला दोरा जपून ठेवायचा मोह आम्हालाही होतो. तो टाळायलाच हवा. आणि घरी टाक्याचे टोक बाहेर दिसले, तर ओढू नका. आम्हाला दाखवा.