गोळी आजची, काम मागच्या महिन्याचं

कोथरूडच्या एका वाचक बाईंची मुलगी ह्यूस्टनला असते. तिच्या लॅब्राडॉरला दर महिन्याच्या १ तारखेला हार्टवर्मची गोळी, अगदी थंडीतसुद्धा. दोन दिवस उशीर झाला तरी घरात हलकल्लोळ. बाई विचारतात, ‘आमच्या वाड्यातल्या मोत्याला जन्मात दोनदा जंताचं औषध मिळालं असेल. हा सगळा कंपन्यांचा धंदा तर नाही ना?’

धंदा आहेच. पण रोगही आहे. मेक्सिकोच्या आखाताचा काठ, म्हणजे टेक्सास, लुइझियाना, मिसिसिपी, हे अमेरिकेतलं हार्टवर्मचं माहेरघर. २००५ च्या कॅटरिना वादळात बेघर झालेली तिथली कुत्री दूरदूरच्या राज्यांत दत्तक गेली आणि हा जंतही त्यांच्यासोबत गेला.

हार्टवर्म, म्हणजे डायरोफिलेरिया इमिटिस, हा पोटातला जंत नव्हे. तो फुप्फुसांकडे जाणाऱ्या धमन्यांत राहतो, गर्दी वाढली की हृदयाच्या उजव्या कप्प्यांत उतरतो. मादी जवळजवळ फूटभर लांब. शवविच्छेदनात धमनी चिरली की शिजलेल्या शेवयांचा गुंता दिसतो, आणि त्यांचा मुक्काम पाच ते सात वर्षांचा. कुत्र्याला खोकला, धाप लागेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं.

डास चावताना अळ्या त्याच्या सोंडेच्या आवरणातून बाहेर पडतात, त्याच्याच अंगातल्या द्रवाच्या थेंबातून कातडीवर उतरतात आणि सोंड उपसली गेली की त्या भोकातून आत शिरतात. पुढचे सुमारे दोन महिने त्या कातडीखाली आणि स्नायूंत वाढतात, मग रक्तात जातात. आयव्हरमेक्टिनची गोळी मारते ती महिना-दीड महिन्याच्या कोवळ्या अळ्यांना. म्हणजे १ जुलैची गोळी जुलैचं संरक्षण करत नाही, जूनमध्ये शिरलेल्यांचा निकाल लावते! म्हणून दोन दिवसांच्या उशिरानं काही बिघडत नाही. तीन महिन्यांच्या उशिरानं बिघडतं. तेव्हा गोळी लगेच सुरू करून सहा महिन्यांनी रक्त तपासायचं, कारण नेहमीची चाचणी वाढ झालेल्या मादीचं प्रथिन पकडते. ती त्याआधी काही सांगत नाही.

जंत मोठे झाले की उपचार म्हणजे आर्सेनिकयुक्त औषधाची इंजेक्शनं, पाठीच्या स्नायूत खोल. मग कित्येक आठवडे कुत्र्याला पळू द्यायचं नाही, कारण मेलेल्या जंतांचे तुकडे फुप्फुसांत अडकतात. मांजरांना तर हे औषध देतच नाहीत. घरातून न हलणाऱ्या मांजरालाही डास चावतोच.

आता माझ्या आवडीची गोष्ट. १८७७ मध्ये पॅट्रिक मॅन्सननं चीनमधल्या अमॉय बंदरात अंगात फायलेरिया, म्हणजे हत्तीरोगाचा जंत, असलेल्या आपल्या माळ्याला डास चाववून घेतले आणि डासाच्या पोटात त्या जंताच्या अळ्या वाढतात हे दाखवलं. इथवर बहाद्दर! पण डास एकदाच रक्त पितो आणि पाण्यात मरतो, अशी त्याची समजूत होती. म्हणून त्यानं ठरवलं की अळ्या पिण्याच्या पाण्यातून माणसात जातात. गुरूच्या या समजुतीपायी रोनाल्ड रॉसनं हिवतापासाठी लोकांना डास मेलेलं पाणी पाजूनही पाहिलं. अळ्या सोंडेवाटे जातात हे १९०० साली दोन ठिकाणी स्पष्ट झालं. लंडनला जॉर्ज लो यांनी माणसाच्या फायलेरियावर काम केलं. इटलीत ग्रासी आणि त्यांचे सहकारी जोव्हान्नी नोए यांनी कुत्र्याच्या याच जंतावर. मॅन्सन, रॉस, ग्रासी ही नावं पुस्तकांत येतात, नोए मात्र तळटीपेतसुद्धा क्वचितच. नागपूर, गडचिरोलीकडे हत्तीरोगासाठी रात्री रक्त घेतलं जातं, त्या रोगाचं कोडं सुटण्यात कुत्र्याच्या या जंताचाही वाटा आहे.

आयव्हरमेक्टिनचं मूळ जपानमधल्या एका गोल्फ मैदानाजवळच्या मातीत. सातोशी ओमुरा यांना त्या मातीत जे जिवाणू सापडले, त्यांच्यापासून विल्यम कॅम्बेल यांच्या गटानं औषध घडवलं. २०१५ चं नोबेल दोघांना मिळालं. हार्टवर्मसाठी लागतात किलोमागे फक्त ६ मायक्रोग्रॅम. गुरांच्या एक टक्का इंजेक्शनच्या १ मिलिलिटरमध्ये २० किलोच्या ऐंशीहून जास्त कुत्र्यांचा डोस असतो. म्हणून ‘गोठ्यातलंच थोडं टोचलं की झालं’ या सल्ल्यापुढे मी हात जोडतो. कोली जातीच्या अनेक कुत्र्यांत औषधाला मेंदूबाहेर ठेवणारं जनुक बिघडलेलं असतं. सहा मायक्रोग्रॅम त्यांना चालतात, गोचीड-खरजेसाठी देतात तेवढा मोठा डोस मात्र जीवावर बेततो. लसणाचा ‘नैसर्गिक उपाय’ तर नकोच. लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो.

आपल्याकडचं चित्र वेगळं. ईशान्येत, आसाम-मिझोरामकडे, हार्टवर्म खरोखर आहे. केरळात आणि मुंबईत जास्त आढळतो तो त्याचा भाऊबंद, डायरोफिलेरिया रिपेन्स. हा कातडीखाली राहतो, कुत्र्याला फारसा छळत नाही, क्वचित माणसाच्या डोळ्यात सापडतो. रक्ताच्या थेंबात दोघांच्या अळ्या बऱ्याच सारख्या दिसतात, तेव्हा डॉक्टर ‘फायलेरिया दिसतोय’ म्हणाले की ‘कुठला?’ हे विचारावं. पुण्यातल्या प्रत्येक कुत्र्याला बारा महिने गोळी हवीच, असं मी म्हणणार नाही. गुवाहाटीहून बदली होऊन आलेल्या घरातल्या कुत्र्याचं रक्त मात्र गोळीच्या आधी तपासा, कारण रक्तात अळ्यांची गर्दी असताना गोळी पडली तर त्या एकदम मरून कुत्रं कोसळू शकतं.