जड स्टेअरिंग आणि ऑर्बिट्रोलवरचा आळ

मधोमध बिजागरीने जोडलेला व्हील लोडर वळतो तेव्हा त्याची चाके नव्हे, तर कंबरच वाकते, आणि ती वाकवतात तेलाच्या दाबाने पुढे-मागे सरकणारे दोन सिलिंडर, ज्यांना मिस्त्री लोक जॅक म्हणतात. अशा अनेक यंत्रांत चालकाच्या हातातले चाक आणि जॅक यांच्यामध्ये दांडा किंवा गिअर काहीच नसते. असतात ते होज पाइप आणि स्टेअरिंगच्या दांड्याखाली बसवलेला ऑर्बिट्रोल. फ्रान्सिस डेव्हिस यांनी अमेरिकेत १९२०च्या दशकात विकसित केलेले आणि क्रायस्लरने १९५१ साली मोटारीत विक्रीस आणलेले पॉवर स्टेअरिंग चालकाला केवळ हातभार लावते. येथे मात्र तेलावाचून वळणच नाही.

ऑर्बिट्रोलच्या पोटात ६ दातांचा रोटर ७ दातांच्या कड्यात घरंगळत फिरतो आणि एका फेऱ्यात तेलाची ४२ मापे मोजून जॅककडे धाडतो. त्याच्यालगत स्पूल आणि स्लीव्ह या एकात एक बसणाऱ्या नळ्या असतात. चाक फिरताच त्यांच्यात काही अंशांचा फरक पडून तेलाची वाट उघडते आणि हात थांबताच चपट्या स्प्रिंगा ती मिटवतात. रचना विलक्षण देखणी आहे, आणि महागही.

स्टेअरिंग जड झाले की पहिला आळ तिच्यावरच येतो, आणि तो पुष्कळदा अन्यायाचा असतो. टाकीतले तेल फेसाळ दिसत असेल आणि पंप कण्हत असेल, तर ओढीच्या पाइपातून हवा शिरत असते. सावकाश फिरवताना हलके लागणारे चाक झपकन फिरवताना जड होत असेल, तर तेलच कमी पडते, म्हणजे झिजलेला पंप किंवा बकेटच्या आधी स्टेअरिंगला तेल देणारा प्रायॉरिटी व्हॉल्व्ह तपासावा लागतो. जडपणा एकाच बाजूला असेल, तर धक्क्याचा दाब सोडून देणाऱ्या त्या बाजूच्या शॉक व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकल्याचा संशय घ्यावा. कंबरेला लॉकिंग बार लावून चाक फिरवत धरले असता कंपनीने नेमून दिलेला दाब प्रेशर गेजवर येतो की नाही, हे पाहण्याआधी पाना उचलणे हा अंदाजपंचे कारभार होय. गळती शोधताना होजवर हात फिरवू नये, पुठ्ठा धरावा, कारण सुईएवढ्या छिद्रातून सुटलेली तेलाची धार कातडी भेदून आत शिरते.

खरी अडचण खडी क्रशरवर उभी राहते. तिथल्या हवेतली दगडाची भुकटी उघड्या ऑर्बिट्रोलमध्ये गेली की स्पूल ओरखडतो, तरीही काम खोळंबू नये म्हणून तो जागेवरच खोलला जातो. जोडताना रोटर आणि त्याला स्लीव्हशी जोडणारा आखूड दांडा यांच्या खुणा चुकल्या, तर इंजिन सुरू होताच ऑर्बिट्रोल मोटरसारखा वागू लागतो आणि स्टेअरिंगचे चाक हाताला न जुमानता स्वतःच गरगरते. म्हणूनच जोडणीनंतर पहिल्यांदा इंजिन सुरू करताना लॉकिंग बार लावलेला ठेवतात आणि बिजागरीजवळ कोणाला उभे राहू देत नाहीत.