पिंग होतंय, तरी फोल्डर उघडत का नाही?

दोन लिनक्स मशीनमध्ये एनएफएसने फोल्डर शेअर करायला जावं आणि ते अडावं, की पहिला संशय राउटरवर. बहुतेक वेळा तो बिचारा निर्दोष असतो.

गैरसमज: पिंग होतंय, म्हणजे जोडणी ठीक आहे.

पिंगवरून एवढंच कळतं की समोरचं मशीन चालू आहे. एनएफएसला टीसीपीचा २०४९ पोर्ट लागतो. फायरवॉलने तो अडवला असेल, तर माउंट नुसतं लटकतं. आवृत्ती ४ ला हा एक पोर्ट पुरतो. आवृत्ती ३ ला १११ आणि आणखी काही उघडावे लागतात.

गैरसमज: दोन्हीकडे युजरचं नाव तेच, म्हणजे परवानगी मिळणारच.

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. नेहमीच्या मांडणीत, म्हणजे कर्बेरॉस ही ओळख पटवणारी यंत्रणा नसताना, एनएफएस नाव नव्हे, युजरचा आकडा बघतो. उबुंटू किंवा फेडोरात पहिल्या खात्याला साधारणपणे १००० मिळतो, दुसऱ्याला १००१. समजा, सर्व्हरवर आधी आईचं खातं उघडलं, मग मुलीचं. लॅपटॉपवर मात्र मुलगी एकटीच. म्हणजे लॅपटॉपवर ती १०००, सर्व्हरवर १००१. सर्व्हर तिला आई समजतो! स्वतःच्या फाइलींना ती मुकते आणि आईच्या फाइली खुशाल पुसू शकते. दोन्हीकडे ‘आयडी’ कमांड चालवून आकडे जुळवा.

गैरसमज: काहीच जमलं नाही तर सुडो आहेच.

सुडो म्हणजे रूट, पण एनएफएस सर्व्हरवर रूट स्क्वॅश मुळातच चालू असतो. तो रूटला ‘नोबडी’ हा बिनअधिकाराचा युजर करून टाकतो, त्यामुळे सुडो वापरून अधिकार उलट घटतात. वैतागून ७७७ परवानगी देणं म्हणजे फाइली कुणालाही बदलायला मोकळ्या सोडणं.

आता सर्व्हरवरच्या एक्स्पोर्ट्स फाइलमधली, म्हणजे कोणाला काय शेअर करायचं त्या यादीतली खोडी. आयपी पत्ता आणि परवानग्यांचा कंस यांच्यामध्ये चुकून स्पेस पडली, तर त्या मशीनला फक्त वाचता येतं आणि कंसातली लिहिण्याची मुभा बाकी सगळ्यांना मिळते. फाइल दुरुस्त केल्यावर मशीन रीस्टार्ट करायची गरज नाही. ‘एक्स्पोर्टएफएस’ कमांड ‘-आरए’ लावून चालवली की पुरे.

फोल्डर शेअर करायचा दुसरा मार्ग म्हणजे साम्बा. तो फक्त विंडोजसाठी, हेही खरं नाही. आकडे जुळवणं शक्य नसेल, तर दोन लिनक्स मशीनमध्येही साम्बाच बरा. फक्त त्याचा पासवर्ड ‘एसएमबीपासडब्ल्यूडी’ कमांडने वेगळा ठेवावा लागतो, लॉगिनचा आपोआप चालत नाही.