भीती नको, काळजी हवी

दात काढताना रक्त येतेच. म्हणून दातांची डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलांना भीती वाटते. एचआयव्ही झालेला माणूस आला तर?

आम्ही सांगतो, हा रोग शिवल्याने किंवा थुंकीने लागत नाही. दवाखान्यात जपायचे ते रक्ताला. पण कोणाच्या रक्तात काय आहे, हे तोंड बघून कळते का? नाही. म्हणून प्रत्येकासाठी नवे हातमोजे, नवी सुई. अवजारे दाबाच्या वाफेत १२१ अंशांवर निदान १५ मिनिटे ठेवायची. सुई टोचलीच, तर लगेच, ७२ तासांच्या आत, औषध सुरू करायचे.

रोग्याला परत पाठवायचे नाही. २०१७ सालचा कायदाच तसा आहे. तेव्हा मंडळी, दात दुखला तर लपवू नका. दवाखान्यात जा.