मायक्रोवेव्हच्या दारामागचे तीन स्विच

जपानने म्हणे देशातले सगळे मायक्रोवेव्ह ओव्हन भंगारात काढले! हिरोशिमा-नागासाकीवर पडलेल्या बॉम्बनी केलं नाही एवढं नुकसान या ओव्हननी वीस वर्षांत केलं, असं तिथल्या शास्त्रज्ञांनी शोधून काढलं, म्हणून ही बंदी. हात जोडलेल्या इमोजीसह हा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा फिरतो आहे, आणि त्याखाली ‘आमच्या आजी चुलीवरच करायच्या’ हे ठरलेलं उत्तरही आलेलं आहे.

ही बातमी २०१९ मध्ये जन्मली, ती ‘पानोरामा’ नावाच्या एका रशियन संकेतस्थळावर. खोट्या बातम्या रचून वाचकांना हसवणं हाच त्यांचा धंदा. रशियनमधून इंग्रजीत आणि इंग्रजीतून आपल्याकडे येताना त्यातला विनोद वाटेत गळून पडला आणि बातमी तेवढी उरली. प्रत्यक्षात जपानमधल्या कोपऱ्याकोपऱ्यावरच्या दुकानांत आजही डबा विकत घेतला की काउंटरमागचा माणूस ‘गरम करून देऊ का’ असं विचारतो आणि मागच्या मायक्रोवेव्हमध्ये सरकवतो.

तरी या भीतीला नुसतं हसून चालणार नाही, कारण तिच्या पोटात थोडा खरा इतिहासही आहे. याच जातीचा जुना मेसेज आठवत असेल: ‘स्विस शास्त्रज्ञाने सत्य सांगितलं, कंपन्यांनी त्याचं तोंड बंद केलं.’ हा शास्त्रज्ञ म्हणजे हान्स हर्टेल. त्याने अवघ्या आठ माणसांना मायक्रोवेव्हमधलं आणि साधं अन्न खायला देऊन त्यांचं रक्त तपासलं आणि कर्करोगाच्या सुरुवातीशी मिळतेजुळते बदल दिसतात, असा निष्कर्ष काढला. १९९२ मध्ये एका स्विस मासिकाने ते छापलं, मुखपृष्ठावर साक्षात मृत्यूचं चित्र टाकून. उपकरणं बनवणाऱ्यांची संघटना कोर्टात गेली आणि १९९३ मध्ये बर्नच्या न्यायालयाने हर्टेलला असं बोलायला मनाई केली. म्हणजे मेसेजमधला ‘तोंड बंद’ हा भाग खरा. पुढचा भाग मात्र मेसेजमध्ये कधीच नसतो. १९९८ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने ही मनाई चुकीची ठरवली. माणसाला आपलं मत मांडायचा हक्क आहे, एवढंच त्या निकालाचं म्हणणं. मत बरोबर आहे असं न्यायालय कुठेही म्हणालं नाही, आणि आठ जणांच्या रक्तावरून तसं कुणाला म्हणताही येणार नाही.

‘रशियाने १९७६ मध्येच बंदी घातली’ हीसुद्धा अशीच एक लोणकढी. बंदी कधी नव्हती. मात्र सोव्हिएत संघात कामगारांसाठी सूक्ष्मलहरींची मर्यादा एकेकाळी अमेरिकेपेक्षा हजारपट कडक होती, हे खरं आहे. अफवेचं बी तिथेच पडलं असावं, असा माझा तर्क.

विज्ञानाचा भाग थोडक्यात उरकतो, कारण शाळेतली शिक्षिका आठवून वाचकांना जांभई यायची. मायक्रोवेव्ह ओव्हनमधल्या लहरींची वारंवारता २४५० मेगाहर्ट्झ असते. रेणू फोडायला, डीएनए तोडायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या साधारण दहा लाखाव्या भागाइतकीच या लहरींच्या एका कणात असते. क्ष-किरणांशी त्यांचं नातं फक्त ‘रेडिएशन’ या नावापुरतं. त्या अन्न तापवतात, आणि त्यांना जन्म देणारा मॅग्नेट्रॉन बंद झाला की संपतात. भातात साठून राहत नाहीत. दार उघडण्याआधी ‘किरण निघून जाण्यासाठी’ पाच मिनिटं थांबणाऱ्या घरांत फक्त भात निवतो.

मग धोका कसला? तापण्याचाच. या लहरी तुमच्या अंगावर भरपूर प्रमाणात पडल्या तर भाताचं होतं तेच मांसाचं होईल. डोळ्यातलं भिंग आणि पुरुषांची वृषणं इथे रक्ताचा पुरवठा कमी, त्यामुळे आलेली उष्णता वाहून नेणारं कुणी नाही. म्हणून मोतीबिंदूची चर्चा होते, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत फार मोठ्या माऱ्यानंतर तो दिसलाही आहे. सगळा प्रश्न त्यामुळे एका जागी येऊन ठेपतो: आतली ७००-८०० वॅट शक्ती आतच राहते की नाही? म्हणजे दार.

सुरुवातीच्या ओव्हनमधून लहरी गळायच्या. रडार बनवणाऱ्या रेथिऑन कंपनीतल्या पर्सी स्पेन्सरच्या खिशातलं चॉकलेट वितळलं आणि त्यातून हे यंत्र निघालं, ही १९४५ ची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. ‘रेडारेंज’ नावाचं ते पहिलं यंत्र माणसाएवढं उंच होतं. १९६७ मध्ये ओट्यावर मावेल असा ओव्हन अमेरिकेत आला, घराघरांत शिरू लागला आणि गळतीच्या तक्रारी वाढल्या. १९६८ मध्ये तिथे किरणोत्सर्गापासून संरक्षणाचा कायदा झाला. १९७१ पासून नियम लागू झाला तो असा: विकण्याआधी ओव्हनपासून पाच सेंटिमीटरवर गळती चौरस सेंटिमीटरला १ मिलीवॅटपेक्षा जास्त नको, आणि पुढे ओव्हनच्या उभ्या आयुष्यात ५ च्या वर जाता कामा नये. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या ग्राहक संघटनेने बाजारातल्या ओव्हनची चाचणी घेऊन एकाचीही शिफारस करायला नकार दिला होता. तेव्हाची भीती अशी कागदावर, मोजमापावर उभी होती. आजच्या भीतीला तसा आधार नाही, कारण त्यानंतर दाराचं डिझाइन पार बदललं.

आपल्याकडेही हीच ५ मिलीवॅटची आंतरराष्ट्रीय मर्यादा धरणारं भारतीय मानक आहे. २०१२ मध्ये केंद्राने ज्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंना सक्तीची नोंदणी लावली, त्या पहिल्याच यादीत मायक्रोवेव्ह ओव्हन होता. पाच मिलीवॅट म्हणजे किती? भर दुपारच्या उन्हातून अंगाच्या तेवढ्याच जागेवर साधारण १०० मिलीवॅट पडतात. ऊन कातडीवर थांबतं आणि सूक्ष्मलहरी थोड्या आत शिरतात, त्यामुळे ही तुलना तंतोतंत नाही. पण पाच सेंटिमीटरचं अर्धा मीटर केलं की ही मर्यादासुद्धा शंभरपट खाली येते, आणि काचेला नाक लावून पापड बघत उभं कोण राहतं? (लहान मुलं राहतात. त्यांना मागे ओढा, गरम वाफेसाठी तरी.)

आता त्या दाराकडे नीट बघा. काच लहरी अडवत नाही, काचेतली काळी जाळी अडवते. लहरीची लांबी सव्वाबारा सेंटिमीटर आणि जाळीचं भोक दीड-दोन मिलिमीटर, म्हणजे चाळणीतून नारळ पडायची जेवढी भीती तेवढीच. खरी करामत दाराच्या कडेला आहे. तिथे धातूला धातू घट्ट चिकटत नाही, बारीक फट राहतेच. त्या फटीला लागून दाराच्या आत सभोवार एक खाच असते, लहरीच्या पाव लांबीची, म्हणजे सुमारे तीन सेंटिमीटरची. फटीत शिरलेली लहर त्या खाचेत जाऊन उलट फिरते आणि तोंडाशी येऊन स्वतःलाच मारते. फट उघडी दिसते, पण लहरीच्या दृष्टीने तिथे भिंत असते. याला ‘चोक’ म्हणतात. कडेचं प्लॅस्टिक हे त्याचं नुसतं झाकण. स्वयंपाकघरातल्या कुठल्याही दुसऱ्या वस्तूवर एवढं डोकं चाललेलं मला माहीत नाही.

या दाराची सर्वांत कठोर परीक्षा कुठल्या प्रयोगशाळेने घेतली नाही. ती घेतली ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स येथील ६४ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीने, आणि तीही नकळत.

१९९८ पासून या दुर्बिणीच्या नोंदींत अधूनमधून एक विचित्र ठोका यायचा. क्षणभराचा, आणि दूरच्या आकाशगंगेतून आल्यासारखा. पुढे खगोलशास्त्रज्ञांना खरोखरच अतिदूरवरून येणारे ‘फास्ट रेडिओ बर्स्ट’ सापडत होते, त्यामुळे घोळ वाढला. या संशयितांना एका काल्पनिक पंखधारी हरणावरून ‘पेरिटॉन’ असं नाव पडलं. एक गोष्ट मात्र खुपत होती. पेरिटॉन कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत यायचे, आणि जेवणाच्या सुमाराला जरा जास्तच. आकाशगंगांना जेवणाची सुट्टी असते का?

एमिली पेट्रॉफ ही तेव्हा पीएचडीची विद्यार्थिनी होती. २०१५ च्या जानेवारीत एका आठवड्यात तीन पेरिटॉन आले, आणि नव्याने बसवलेल्या यंत्राने त्याच क्षणी २.४ गिगाहर्ट्झचा आवाज टिपला. ही तर ओव्हनची सही! पण ओव्हन नुसता चालवून पेरिटॉन येईना. मग कुणीतरी घाई केली तर काय होईल ते करून पाहिलं: वेळ पूर्ण होण्याआधी, ओव्हन चालू असतानाच, खाडकन दार उघडलं. आणि पेरिटॉन आला. दार उघडताच वीज तुटते, पण मॅग्नेट्रॉन विझता विझता एक शेवटचा हुंदका देतो, तो उघड्या दारातून निसटतो. दुर्बीण नेमकी त्या दिशेला वळलेली असली की तो पकडला जातो. सतरा वर्षं ज्याचं कोडं पडलं होतं तो परग्रहवासी कॅन्टीनमध्ये जेवण गरम करत होता.

मला या गोष्टीत दोन बाजू दिसतात. एक, बंद दाराने तिथेही आपलं काम चोख केलं, अब्जावधी प्रकाशवर्षांवरचं ऐकणाऱ्या कानाशेजारी. उघडल्यावर निसटलेली ऊर्जाही इतकी क्षुल्लक की ती ऐकायला तेवढी मोठी दुर्बीणच लागली. दुसरी बाजू आपल्या रोजच्या उपयोगाची: चालू ओव्हनचं दार ओढू नका, आधी ‘स्टॉप’ दाबा. यात आरोग्यापेक्षा स्विचची काळजी जास्त आहे. पूर्ण भार चालू असताना दार ओढलं की दारामागच्या स्विचच्या टोकांवर ठिणगी पडते, आणि हजारदा पडली की ती टोकं जळतात, कधी एकमेकांना चिकटतात.

मूळ मुद्दा इथेच आहे. दाराला जे दोन प्लॅस्टिकचे हूक असतात ते बंद होताना आतले तीन छोटे स्विच दाबतात. दोन स्विच दार उघडताच वीज तोडतात. एक बिघडला तर दुसरा असावा, म्हणून दोन. तिसऱ्याचं काम उफराटं. आधीच्यांनी दगा दिला आणि दार उघडूनही वीज चालूच राहिली, तर हा तिसरा मुद्दाम शॉर्ट करतो आणि फ्यूज उडवतो. ओव्हन मेला, माणूस वाचला. म्हणजे दार उघडताना फ्यूज उडत असेल तर ओव्हन ओरडून सांगतोय की माझा दाराचा स्विच गेलाय.

आणि आपण काय करतो? शंभर-दीडशे रुपयांत ‘डायरेक्ट’ करून घेतो. स्विच मिळत नाही म्हणून दोन वायरी पिळून टेप लावला जातो. फ्यूज सारखा उडतो म्हणून जाड फ्यूज टाकला जातो, किंवा तिसऱ्या स्विचची वायरच काढून ठेवली जाते. ‘आता कधी बंद पडणार नाही, ताई!’ अगदी खरं आहे. दार उघडं असतानाही बंद पडणार नाही. ओव्हनच्या लहरींमुळे झालेल्या इजांच्या मोजक्या नोंदी आहेत, त्या बहुतांशी अशाच विपरीत परिस्थितीतल्या किंवा चुकीच्या दुरुस्तीनंतरच्या आहेत. व्हॉट्सअॅपवर मात्र जपान फिरतो, कोपऱ्यावरची दुरुस्ती फिरत नाही.

दुरुस्ती करणाऱ्यालाही यात कमी धोका नाही, खरं तर त्यालाच जास्त. आतल्या मॅग्नेट्रॉनला सुमारे चार हजार व्होल्ट लागतात आणि वीज साठवणारा कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेला राहतो. जुन्या ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर काढून लाकडावर विजेची नक्षी उमटवायचा एक छंद व्हिडिओंमधून पसरला. त्यात अमेरिकेत इतके जीव गेले की तिथल्या लाकूडकाम करणाऱ्यांच्या संघटनेने आपल्या कार्यक्रमांत तो बंदच केला. लहरींनी कुणी मेल्याचं शोधावं लागतं, ट्रान्सफॉर्मरने मेलेल्यांची यादी आहे. इंजिनिअरिंगला गेलेल्या भाच्याने ‘मामा, उघडून बघू का’ म्हटलं तर नाही म्हणा.

बाकी इजा घरगुतीच. गुळगुळीत कपात नुसतं पाणी तापवलं की ते न उकळता शंभर अंशांच्या वर जातं आणि चमचा बुडताच उसळून तोंडावर येतं. सालासकट अंडं फुटतं. बाळाच्या दुधात एका जागी कोमट, एका जागी चटका. शेंगदाणे भाजायला ठेवून फोन घ्यायला गेलात तर धूर. प्लॅस्टिकच्या डब्याचं प्रकरण वेगळं आणि माझ्या मते जास्त गंभीर. २०२३ मध्ये नेब्रास्का विद्यापीठाच्या संशोधकांना तीन मिनिटांच्या मायक्रोवेव्हमध्ये काही डब्यांच्या एका चौरस सेंटिमीटरमधून प्लॅस्टिकचे लक्षावधी सूक्ष्मकण आणि अब्जावधी अतिसूक्ष्म कण सुटताना दिसले. लहरींना घाबरणारे लोक हॉटेलच्या पार्सलचा डबा तसाच आत ठेवतात, याची मला गंमत वाटते.

फोन आत ठेवून रिंग वाजते का बघायची चाचणी करू नका. फोनला इतका क्षीण सिग्नल पुरतो की धडधाकट ओव्हनमध्येही तो वाजू शकतो, आणि त्याच्या लहरीही बहुतेकदा वेगळ्या. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त मीटरवरही मी भरवसा ठेवणार नाही.

त्याऐवजी आज दाराकडे बघा. ते खाली झुकलंय का, हलतंय का, हूक मोडलाय का, जाळीला भोक किंवा गंज आहे का, कडेला तुपाचा थर साचलाय का. थर असेल तर ओल्या फडक्याने पुसा, बाकी काहीही असेल तर ओव्हन बंद ठेवा. प्लग अर्थिंग असलेल्या १६ अँपिअरच्या सॉकेटमध्येच हवा. दुरुस्तीला दिलात तर बिलावर दाराच्या स्विचचं नाव लिहून घ्या, आणि कुणी ‘डायरेक्ट करून देतो’ म्हणाला तर ओव्हन उचलून दुसरीकडे न्या.