ठिणगी कुणाची?

पडद्याच्या मधोमध एकच शब्द ओळीखाली ओळ उतरत जातो. डावीकडे अर्धं वाक्य, उजवीकडे उरलेलं अर्धं, दोन्ही कडा कापलेल्या. या यादीला कॉन्कॉर्डन्स म्हणतात. इंग्रजी-मराठी कोशाच्या नोंदी लिहिणाऱ्याचा बराचसा दिवस असल्या ओळी वाचण्यात जातो. सध्या माझ्यापुढे आहेत ती एखादी गोष्ट सुरू करून देणारी इंग्रजी क्रियापदं: कॉज, ट्रिगर, स्पार्क, प्रोव्होक, प्रॉम्प्ट, इनिशिएट, लाँच आणि त्यांची भावंडं. पर्यायकोशात ही सगळी एकाच घोळक्यात उभी असतात. ओळी वाचायला बसलं की कळतं, यांतल्या कित्येकांचं एकमेकांशी बोलणंही नाही.

पीटर मार्क रोजे यांच्या १८५२ सालच्या मूळ कोशात मात्र घोळका एक नव्हता. पेशाने डॉक्टर असलेल्या या गृहस्थांनी शब्दांची हजार खणांत वर्गवारी केली. आरंभ ६६व्या खणात आणि कारण १५३व्या, त्यामुळे ‘आरंभाला कारण होणारे’ शब्द दोन्हीकडे विखुरले. माणसाला उद्युक्त करणारे त्याहून दूर, ६१५व्या खणात हेतूपाशी. शोधणाऱ्याची दमछाक होते खरी, पण मला ती विभागणी आजच्या अकारविल्हे याद्यांपेक्षा शहाणी वाटते.

ओळी उघडल्यावर पहिलं काम म्हणजे उजवीकडच्या शब्दानुसार त्या लावून घेणं. ‘कॉज’च्या ओळी अशा लावल्या की एक मिरवणूक निघते: डॅमेज, डेथ, डिले, पेन, प्रॉब्लेम्स, ट्रबल. नुकसान, मृत्यू, विलंब, वेदना. आनंद किंवा प्रगती फार क्वचित भेटते. बर्मिंगहॅम विद्यापीठात १९८० साली कोबिल्ड हा कोशप्रकल्प सुरू झाला, तेव्हा भाषाशास्त्रज्ञ जॉन सिंक्लेअर आणि त्यांचे सहकारी संगणकाने काढून दिलेल्या अशाच ओळी वाचत होते. ‘सेट इन’ या क्रियापदाचा कर्ता बहुधा नकोशीच गोष्ट असते, हे सिंक्लेअर यांनी दाखवलं. पुढे १९९५ साली मायकेल स्टब्स यांनी ‘कॉज’ची संगत तपासली आणि तीही बहुतांशी वाईटच निघाली. इंग्रजी घरात वाढलेल्या माणसाला हे कुणी शिकवलेलं नसतं, तरी तो चुकत नाही. आपल्याकडचा हुशार विद्यार्थी मात्र निबंधात बिनदिक्कत ‘कॉज हॅपिनेस’ लिहितो. व्याकरणाने त्यात खोट काढता येत नाही, आणि शिक्षकाला लाल रेघ का मारायची हे सांगता येत नाही.

‘ट्रिगर’पाशी मी सर्वांत जास्त रेंगाळतो. आधी बंदुकीचे चाप वेचून बाजूला काढावे लागतात, कारण हा मुळात नाम आहे. डच भाषेतल्या ‘ओढणे’ या धातूवरून आलेला. क्रियापद म्हणून तो रुळला विसाव्या शतकात. चाप काढून टाकल्यावर उरतात दम्याचे झटके, हिमस्खलन, अर्धशिशी, भूकंपाची इशारायंत्रणा, करारातली दंडाची कलमं. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: दारू आधीच ठासलेली असते. परागकण दम्याचा झटका आणतात, दमा आणत नाहीत. बर्फाचा थर उतारावर आधीच सैल झालेला असतो, स्कीवाला फक्त त्यावरून जातो. म्हणून या क्रियापदाचा कर्ता नेहमी परिणामापेक्षा लहान असतो.

इतिहासाच्या पुस्तकांत याचा उपयोग फार जपून होतो. २८ जून १९१४ रोजी साराजेव्होत गाव्रिलो प्रिन्सिपने खरोखरच चाप ओढला, आणि ऑस्ट्रियाच्या युवराजाच्या त्या खुनाने पहिलं महायुद्ध ‘ट्रिगर’ झालं असं असंख्य लेखक लिहितात. ‘कॉज’ म्हणताना हात आखडतात, कारण मग लष्करी युत्या, शस्त्रस्पर्धा, बाल्कनमधला राष्ट्रवाद यांचं काय करायचं? एकोणीस वर्षांच्या पोराच्या पदरात एवढं माप घालता येत नाही. १९६१ साली जर्मन इतिहासकार फ्रित्झ फिशर यांनी बर्लिनच्या सत्ताकांक्षेवर बोट ठेवलं, तेव्हा त्यांच्याच देशात प्रचंड वादळ उठलं. त्या वादाचं एक टोक क्रियापदात अडकलेलं होतं: जर्मनी युद्धात ओढली गेली, की तिने ते पेटवलं?

बाकीच्यांवर इतका वेळ जात नाही. ‘स्पार्क’ला चांगलंवाईट दोन्ही चालतं, कुतूहलही तोच जागवतो आणि दंगलही. ‘प्रोव्होक’ला समोर चिडणारं कुणीतरी लागतं. ‘लाँच’मागे ठरवणारा माणूस किंवा संस्था हवी, मग पुढे उपग्रह असो, मोहीम असो की हल्ला. ‘इनिशिएट’ कचेरीतला, त्याच्याभोवती कार्यवाही, वाटाघाटी आणि उपचार. ‘फोमेंट’ मात्र गमतीचा आहे. आज तो फक्त बंड आणि असंतोष माजवतो, पण लॅटिनमध्ये त्याचं मूळ ऊबदार पोटिसात आहे. दुखऱ्या जागी शेक देणारा शब्द दंगेखोरांच्या टोळीत कसा सामील झाला, यावर एक अख्खी दुपार घालवता येते. मी घालवली आहे.

या क्रियापदांतून कुणावर किती दोष टाकायचा हे ठरतं, म्हणून त्यांच्यावर भांडणं होतात. सिगारेटचं भांडण सर्वांत लांबलं. ११ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेच्या सर्जन जनरलचा अहवाल आला. त्यात ‘कॉज’ हा शब्द कुठल्या कसोट्यांवर वापरायचा याचीच चर्चा आधी केली होती, आणि मग पुरुषांमधल्या फुप्फुसाच्या कर्करोगाशी सिगारेटचं नातं कारणाचं आहे असा निर्वाळा दिला होता. पाकिटावर १९६६ पासून जे छापलं गेलं ते मात्र इतकंच: धूम्रपान आरोग्याला अपायकारक असू शकतं. ‘असू शकतं’ या दोन शब्दांना कंपन्यांच्या दृष्टीने सोन्याचं मोल असणार. पुढे ‘असू शकतं’ जाऊन ‘धोकादायक आहे’ आलं. धूम्रपानाने फुप्फुसाचा कर्करोग होतो, असं थेट ‘कॉजेस’ वापरून सांगणारी ओळ पाकिटावर आणायला १९८४ चा कायदा व्हावा लागला. अहवालापासून वीस वर्षं गेली.

आता माझी अडचण. इंग्रजी वाक्याला पेटवणारा कर्ता लागतो. मराठीत गोष्टी आपोआप पेटतात. वाद पेटतो, दंगल उसळते, भाव भडकतात, प्रकरण चिघळतं. इंग्रजी वृत्तपत्रांचा लाडका मथळा ‘रिमार्क स्पार्क्स रो’ मराठीत येतो तो ‘वादाला तोंड फुटलं’ असा, आणि बोलणारा मथळ्यातून अलगद निसटतो. मथळे लावणाऱ्यांना ते सोयीचंही असावं. कोशकाराला ही सोय नाही. ‘ट्रिगर’समोर मी ‘निमित्त होणे’ लिहिलं, कारण निमित्त आणि कारण यांतला फरक मराठी माणसाला सांगावा लागत नाही. मयताच्या दारी बसलेलेसुद्धा तो करतात. दम्याला आणि साराजेव्होला ते चपखल बसलं. मग इशारायंत्रणेच्या ओळी आल्या. धूर हा भोंग्याचं ‘निमित्त झाला’ असं लिहिलं की वाचणारा हसेल. तिथे दुसरा अर्थ वेगळा तोडून ‘चालू करणे’ दिलं, उदाहरणाला वाक्य घेतलं: धुराने भोंगा वाजला. सहकारी संपादिकेने समासात लिहिलं, ‘यात तुमचं क्रियापद कुठे आहे?’ नोंद अजून तिच्याच टेबलावर आहे.